बेगमसाहेबांची सवारी

आमच्या घरमालकांमुळे मी जगले आणि माझा थोरला जगला. हे वाक्य आमच्या घरात मोठ्या अभिमानाने सांगितलं जातं. मी मात्र ते कानावर आलं की तांदूळ, डाळ, काहीतरी निवडायला घेऊन बसते. मान खाली घालायला निमित्त होतं. त्याच दिवशी, त्याच घाटाच्या तोंडाशी, दुसरी एक अडलेली बाई गेली. ती का गेली ते मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून घरमालकांची गोष्ट सांगताना मला हसू येतं आणि मागोमाग त्या हसण्याची लाज वाटते.

गाव त्यांना जमादार म्हणायचं. बीडच्या तहसिलीत त्यांची सगळी उमर गेली होती. निजामाचं राज्य होतं ते. साहेब दौऱ्यावर निघाला की जमादारांनी पुढे धावायचं, गावात शिरून हाळी द्यायची, माणसं गोळा करायची आणि साहेबाचा मेणा त्यांच्या खांद्यावर चढवायचा. प्रत्येक गावाने आपल्या शिवेपर्यंत मेणा वाहायचा, शिवेवर पुढच्या गावची माणसं उभी असायची. हिला वेठ म्हणत. तिला मजुरी नाही आणि नाही म्हणायची सोय नाही. नाही म्हणणाऱ्याला चावडीपुढे उन्हात ओणवं करून पाठीवर दगड ठेवत.

नोकरी संपली आणि जमादार मांजरसुंब्याचा घाट चढून डोंगरावरच्या आपल्या गावी आले. जमादारी काही खाली राहिली नाही, तीही त्यांच्याबरोबर घाट चढून आली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही शाबूत होता. सकाळी अंगणात उभे राहून ते शेळ्यांची हजेरी घ्यायचे. "काळी?" म्हणून पुकारायचे, शेळी बें करायची, मग "हाजिर हाय" असं स्वतःच म्हणून पुढचीला हाक. एक पाठ, कोवळी शेळी, हजेरीला मुकाट राहते म्हणून तिला त्यांनी दिवसभर खुंट्याला बांधून ठेवलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. स्वतःच्या घरात शिरतानाही उंबऱ्यावर खाकरून "जमादार आले हो" अशी वर्दी द्यायचे. आत ऐकायला कुणी नव्हतं.

माझे यजमान त्या गावात मास्तर म्हणून आले तेव्हा जमादारांनी आम्हाला घराची पुढची खोली दिली. खोली ऐसपैस होती, तिला खोट एकच. आढ्याला मेणा टांगलेला. खराखुरा मेणा, लाल पडद्यांचा. कुठल्याशा साहेबाने टांगा घेतला आणि हा अडगळीत टाकला, तो जमादारांनी मागून आणलेला. माझं माहेर चकलांब्याचं, सपाटीवरचं. आई मला पोचवायला आली तेव्हा तिने वर पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"अगं, हे काय टांगलंय? पोरीनं निजायचं कुठं?"

जमादार दारातूनच म्हणाले, "त्याच्याच खाली निजायचं, आक्का. डोंगरावर ऱ्हायचं तर मेण्याखाली निजावं. नड काय वर्दी देऊन येती व्हय?"

दर शनिवारी ते मेणा खाली उतरवायचे, दांडीला तेल चोपडायचे, दोऱ्या ओढून बघायचे. मग वजन पेलतं की नाही हे पाहायला माझ्या यजमानांना आत बसवायचे, कारण गावात त्यांच्याइतका भरलेला माणूस दुसरा नव्हता. यजमान बिचारे पुस्तक घेऊन आत बसत. शाळेची पोरं मेण्यात कोण बसलंय ते बघायला म्हणून पडद्याला डोळे लावत आणि आत मास्तर दिसले की पळत सुटत.

डोंगरावर नड आली की माणूस जायचंच. कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, गुराखी कड्यावरून घसरला, बाई अडली, की गावात एक देवऋषी आणि एक सुईण. त्या दोघांनी हात टेकले की उरला बीडचा शफाखाना, सरकारी दवाखाना, आणि मधे सगळा घाट. बाज उलटी करायची, आजाऱ्याला तिच्यात घालायचं आणि चौघांनी न्यायचं. ज्याला भाऊबंद होते त्याचं निभायचं. ज्याला नव्हते तो घरातच पडून राहायचा. मेल्यावर मात्र त्याला चार खांदे बरोब्बर मिळायचे.

आजाऱ्याच्या दारात बसून हळहळणाऱ्यांवर जमादारांचा भारी राग. "कसं हाय इचारू नका, कुठं न्यायाचं ते इचारा," असं म्हणत ते काठीने माणसं हुसकून लावायचे.

तर या माणसाने काय करावं? त्याने सरकारची वेठ आजाऱ्यांच्या कामी लावली. जुना खाकी कोट, डोक्याला फेटा, छातीवर तहसिलीची पितळी चपरास, शिपायाचा बिल्ला. ती चपरास नोकरी सुटताना परत करायची असते. जमादार विसरले होते, आणि विसरलोय हे त्यांना चांगलं आठवत होतं. आजाऱ्याला मेण्यात घालून चारी बाजूंनी पडदे बंद करायचे आणि आपण काठी घेऊन पुढे चालायचं. गावाच्या तोंडाशी आरोळी ठोकायची, "हटो! बेगमसाहेबा की सवारी हाय! चार आदमी निकालो!" कुणाची बेगम, कुठली बेगम, विचारायची कुणाची छाती? पडदा सारून बघणं तर लांबच राहिलं. शिवेमागून शीव ओलांडत मेणा घाट उतरायचा. शफाखान्याच्या मागच्या भिंतीशी तो टेकवला की जमादार वाहणाऱ्यांना हाकलून द्यायचे आणि मग पडदा उघडायचे.

पाय मोडलेला एक मिशाळ पाटील असाच बेगम होऊन गेला. वाटभर तो असा काही खोकला की एका भोयाने भीत भीत मागे बघितलं. "बेगमसाहेबा हुक्का लई वढत्यात," जमादार म्हणाले आणि पुढे चालू लागले. आजाऱ्यांना त्यांची एक ताकीद असायची. कळ आली तर 'आई गं' म्हणायचं नाही, 'या अल्ला' म्हणायचं. एका म्हातारीकडून त्यांनी ते दहादा घोकून घेतलं. घाटात हिसका बसल्यावर ती "या अल्ला, खंडेराया!" म्हणून ओरडली. ही गोष्ट जमादार स्वतःच रंगवून सांगायचे आणि आम्ही पोट धरून हसायचो.

मी एकदा त्यांना विचारलं, "एवढं सोंग कशाला? लोकांना सरळ सांगितलं तर येणार नाहीत का?"

"मास्तरीणबाई," ते म्हणाले, "हुकमाला पाय असत्यात. दयेला नसत्यात."

शेजारणीने मला नंतर सांगितलं. तरुणपणी त्यांची बायको अडली होती तेव्हा त्यांनी सरळच विचारलं होतं. घरोघर जाऊन हात जोडले होते. कुणाचा कुळव रानात अडकला होता, कुणाकडे पाहुणे आले होते, कुणी म्हणालं, तुमी व्हा म्होरं, आमी आलोच. ती घाट दिसायच्या आधीच गेली. त्यानंतर त्यांनी कुणाला काही मागितलं नाही. हुकूम देऊन जे मिळतं तेवढं घेतलं.

पुढे मात्र त्यांनी चपरास काढली ती कायमची. मेणा तोच राहिला. पण जमादार आता उघड्या डोक्याने घरोघर फिरायचे आणि दारात उभे राहून म्हणायचे, "बाई अडली हाय हो. खांदा द्या." पहिल्यांदा त्यांना असं मागताना पाहिलं तेव्हा माझा थोरला रांगत होता. त्या दिवशी खालच्या आळीतून दोघे आले, तिसरा मळ्यातून धावत आला. चौथा मिळेना. आमच्या दारात जमादार थांबले. यजमान उठले आणि चपला शोधायला लागले. या कोनाड्यात बघ, त्या खाटेखाली बघ, असं त्यांनी बराच वेळ चालवलं. चपला त्यांच्या पायातच होत्या. मी ते बघितलं आणि जमादारांनीही बघितलं. ते वळले आणि मेण्याच्या दांडीखाली त्यांनी स्वतःचा म्हातारा खांदा घातला. ती बाई वाचली, हे इथेच सांगून टाकते. मी यजमानांना त्या चपलांबद्दल कधी काही विचारलं नाही, आणि आमचा संसार तसा सुखाचाच झाला.

चपरास का सुटली ते सांगायला जीभ रेटत नाही. पण सांगायला बसले आहे तर सांगते.

माझ्या पहिल्या वेळेला मी अडले. माहेरी जायचं ठरलं होतं, पण दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. एक अख्खा दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुईण बाहेर येऊन ओसरीवर बसली आणि पदराने तोंड पुसायला लागली. यजमानांनी पोथी उघडली होती.

"मास्तर, पोथी मिटा आन् दोऱ्या सोडा," जमादार ओरडले. मेणा आढ्यावरून खाली आला. इतके दिवस मी ज्याला हसत होते त्यात मला घातलं. पडदा ओढायच्या आधी जमादार वाकून हळू आवाजात म्हणाले, "पोरी, ध्यानात हाय न्हवं काय म्हनायचं ते?"

मी मान हलवली.

घाटाच्या तोंडाशी धनगरांची एक वस्ती होती. त्या भागात भोई नव्हते, म्हणून घाटाची सगळी वेठ त्या वस्तीवर होती. जाताना उतरण आणि येताना चढण, दोन्ही त्यांच्याच खांद्यावर. तिथे मेणा टेकला तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. जमादारांची आरोळी ऐकली, माणसांची पावलं ऐकली. मग पडद्याच्या अगदी जवळ एक आवाज.

"सायब, आज माझ्या जागी दुसरा घ्या. माझ्या घरी—"

"चूप बे! बेगमसाहेबा खोळंबल्यात. उचल!"

"सायब, घरात लई नड हाय वो—"

काठी दगडावर आपटली. मेणा उचलला गेला.

मी हे ऐकलं. तेव्हा माझ्यात दुसऱ्याची नड कळण्याइतकं भान नव्हतं, असं सगळे मला समजावतात, आणि ते खरंही आहे. पण एक गोष्ट मला स्वच्छ आठवते. पुढचा पडदा वाऱ्याने हलायचा आणि फटीतून पुढच्या माणसाची मान दिसायची. काळीभोर मान, तिला लोकरीची कुसं चिकटलेली. दर वळणावर तो मान वळवून वर वस्तीकडे बघायचा. तो बघायला लागला की पाऊल मंदावायचं, आणि जमादारांचा आवाज यायचा, "खाली बघ बे! पाय बघ!" मला त्या माणसाचा राग आला होता. कामचुकार मेला, असं मी मनात म्हणाले आणि पदर दातांत धरला. घाट संपेपर्यंत मी 'या अल्ला'च म्हणत राहिले.

शफाखान्यातल्या दाईने मला सोडवलं. मुलगा झाला. बाळाने पहिल्यांदा ट्याहां केलं तेव्हा बाहेरच्या झाडाखाली जमादारांनी खडी ताजीम दिली म्हणे, झाडालाच.

सव्वा महिना आम्ही बीडमध्ये एका स्नेह्यांकडे राहिलो. मग जमादार मेणा घेऊन आम्हाला न्यायला आले. कोट झटकलेला, चपरास चिंचेने घासून लखलखीत केलेली. "नव्या सरदाराची सवारी न्ह्यायला आलोय," म्हणाले. मला आत बसवलं, मांडीवर बाळ दिलं, पडदे ओढले. यजमान मागून पायी. पुन्हा तेच सोंग, पुन्हा तीच बेगम. खरं सांगते, मला तेव्हा गंमत वाटत होती.

घाटाच्या पायथ्याशी धनगर आधीच येऊन उभे होते. मेणा उचलला, चढण लागली, आणि दुसऱ्या वळणावर बाळ रडायला लागलं. मी थोपटलं, पाजायला घेतलं, ते ऐकेना. तेव्हा मी सवयीने बोलून गेले, "उगी रे, उगी माझ्या सोन्या. आलंच बघ घर."

मेणा थांबला.

"चलो! काय झालं?" जमादार गरजले.

"सायब," पुढचा माणूस म्हणाला, "बेगम आपल्यावानी बोलती."

मेणा खाली टेकला. टेकवा असं कुणी म्हटलं नव्हतं. जमादार काठी उगारून मागे आले, पण त्यांच्या आधी मीच पडदा सारला. बाळ उन्हाने कावलं होतं आणि मला त्या सोंगाचा एकाएकी कंटाळा आला होता. पुढच्या माणसाचं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं, तरी मान पाहिल्याबरोबर ओळखली.

"कोन तुमी?" त्याने विचारलं.

"मास्तरांची बायको. वरच्या गावची."

"मागल्या म्हयन्यात ऊन चढल्यावर खाली न्हेलतं, ते तुमालाच?"

"हो. मी अडले होते."

तो मेण्याच्या बाजूला मटकन खाली बसला. "माझी बी अडलती," तो म्हणाला.

त्याच्याबरोबरचा दुसरा माणूस मग बोलला. यो तुमाला खाली टाकून पळत वर गेलता, पन तंवर बाई बी गेलती आन् पोटातलं पोर बी गेलतं. घरात निसती म्हातारी. गडीमानसं समदी या मेन्याखाली.

जमादारांची काठी हवेतच होती. वर्षानुवर्षांची सवय, तोंडातून तेच निघालं, "मग बोलला कावून न्हाईस बे तवा?"

"बोललो व्हतो, सायब."

बाळ रडतच होतं. यजमान घाटाखालचं रान बघत होते, जणू तिथे काही पेरलंय.

मग तो माणूस पुन्हा बोलला. आवाज चढवला नाही. मला वाटतं त्याने ओरडायला हवं होतं, निदान एक शिवी तरी द्यायला हवी होती. तो म्हणाला, "सायबाच्या बेगमेला काय सांगावं, माझी बायकू अडलीय म्हून? दगूड ठिवत्याल पाठीवर. पन नडलेली बाई हाय, खाली न्ह्यायाचीय, असं म्हनला असता, तर आमी न्हाई म्हनलो असतो व्हय? तुमच्या मागनं माझी बी बाज निघाली असती. आर्धे गडी हिकडं, आर्धे तिकडं. खाली तर जायाचंच व्हतं."

 जमादारांना प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं, आणि ते हुकमाच्या थाटात असायचं. आता ते छातीवरची चपरास काढू पाहत होते आणि टाचणी निघेना. शेवटी त्यांनी ती ओढली, कोट टरकन फाटला. ती हातात धरून ते त्या माणसापुढे उकिडवे बसले.

"मी तुला इचारायला पायजे व्हतं," ते म्हणाले. "मी कुनालाच इचारत नव्हतो, लेकरा. लई वर्सं झाली."

त्या माणसाने त्यांच्याकडे पाहिलं, पण काही म्हटलं नाही. माफ केलं असंही नाही आणि जा असंही नाही. आजवर मी ही गोष्ट ज्यांना सांगितली ते सगळे इथे विचारतात, मग त्याने माफ केलं ना? काय सांगायचं त्यांना?

मी बाळाला घेऊन मेण्याबाहेर आले. "मी चालत येते," म्हणाले.  मी चार पावलं चढले. शफाखान्यातून सुटले होते तरी अंगात त्राण राहिलं नव्हतं.  बाळाच्या टाळूवर ऊन पडलं होतं आणि ते रडून रडून लाल झालं होतं. मी पदर त्याच्यावर धरायला गेले तर माझाच तोल जायला लागला.

तो उठला आणि माझ्याजवळ आला. त्याने बाळाच्या तळपायाला एक बोट लावलं. बाळ क्षणभर गप्प झालं.

"पोरगा हाय?"

"हो."

"बसा तुमी आत," तो म्हणाला. "ओली बाळंतीन. घाट हाय ह्यो."

"नको, भाऊ. तुमच्या खांद्यावर आता मी कशी बसू?"

"आवो, पोर तापलंय. बसा म्हनतो न्हवं."

आज त्याला कुणाचा हुकूम नव्हता. जमादार अजून खालीच बसलेले होते, चपरास मुठीत. यजमान अजून रानच बघत होते. त्या माणसाच्या वस्तीतून, त्याच्या घरावरून, त्याची बायको जिथे मेली त्या दारावरून मला जायचं होतं. आपण चालत जावं, पडलो तरी चालेल, असं मला मनापासून वाटलं. घाट अजून बराच होता.

मी आत बसले. बाळावर ऊन येऊ नये म्हणून त्याने पडदा स्वतःच्या हाताने ओढून घेतला, आणि दांडी खांद्यावर घेतली.